गाय की बाई: निकालासाठी ऑकलंडला

केतकी, माझी मुलगी, फोनवर सहज म्हणाली, "आई, इथे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रांचं प्रदर्शन लागलंय. तुमच्या भांडणाचं चित्रपण आहे." व्हिसा तयारच होता. त्याच आठवड्यात मी नाशिकहून निघाले.

भांडण असं. आमच्या ह्यांनी रद्दीतून आणलेल्या पुस्तकातलं एक पान जेवणाच्या टेबलामागे भिंतीवर फ्रेम करून लावलंय. डोंगर, नदी, सोनेरी उजेड आणि खाली कोपऱ्यात पांढरा ठिपका. हे म्हणायचे गाय. मी म्हणायचे धुणं धुणारी बाई. तीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी हे गेले. दवाखान्यातही ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणाले, "गायच आहे ती." मला निकाल हवा होता.

केतकी ऑकलंडच्या पापाटोएटो उपनगरात राहते. ती ऑफिसला गेल्यावर मी एकटीच निघाले. ट्रेन सरळ शहरात नेते. पुढे कलादालनापर्यंत चढ आहे, गुडघ्यांना आधी सांगून ठेवा. प्रदर्शनाचं तिकीट स्वस्त नाही, पण ज्येष्ठांना सवलत आहे, पासपोर्ट जवळ ठेवा. डबा आत नेता येत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या मी बाहेर बाकावरच संपवल्या.

पहिल्या दालनात नुसते श्रीमंतांचे चेहरे. सगळ्यांना बूट चावत असावेत. पुढच्या दालनात अंधुक उजेड, कुजबुज, दाराशी रखवालदार बाई. माझ्या चपला आपोआप बाहेर निघाल्या.

"किया ओरा. चपला घाला, चालतं इथे," ती हसून म्हणाली. माओरी होती, तिथल्या मूळ लोकांपैकी. "मी आमच्या मरायेवर, सभागृहात शिरताना काढते. इथे फक्त नोकरी करते."

समोर आमचं चित्र, भिंतीएवढं. मी तिला सगळं सांगितलं. तिने खिशातून चष्मा काढला आणि आम्ही दोघी जमिनीवर आखलेल्या मर्यादेच्या रेषेपर्यंत जाऊन वाकलो.

बाई होती. बाह्या सारलेली, शेजारी कपड्यांची टोपली.

"जिंकलात की," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, हसू येईल. मी मागे जाऊन बसले. तिथूनच म्हटलं, "एवढं मोठं खोरं आणि माणूस एकच?"

"चित्रकारांचं काय सांगता. आमच्या आजीच्या गावाचं असंच चित्र आहे, एका साहेबाने काढलेलं. त्यात फक्त एक झाड आहे. आम्ही त्याला दिसलोच नाही."

परतीच्या ट्रेनमध्ये हे वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

नाशिकला आल्यावर नणंद जेवायला आली. वाढता वाढता तिला निकाल सांगितला.

"म्हणजे दादा हरला, वहिनी."

"हे हरले कशाने?" मी म्हटलं. "धुणं आहे म्हणजे घर आहे. घर आहे म्हणजे गाय असणारच. चित्रकाराला दिसली नसेल."

नणंदेने मान डोलावली आणि आमटी मागितली. तिला हे भांडण येत नाही.