भिंतीएवढी सावली

"भिंत मालकाची असते जी, पण तिची सावली कोणाच्या आंगणात पडते ते पाहाच लागते," असं मोतीराम गवंडी एकदा म्हणाला होता. ऐकणारे हसले. गवंड्याच्या तोंडून मापं ऐकायची सवय असते. त्यापलीकडचं काही तो बोलला की लोक बिडी शिलगावतात.

मोतीराम बोरगावचा. सायकलवर सौंसरला येई. कॅरिअरला थापी, ओळंबा, सुताची गुंडी आणि स्वतःचा पितळी पेला. पाणी तो त्याच पेल्यातून पिई. का, ते त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन येई, तेवढे दिवस सोडले तर वर्षभर त्याच्या नखांत विटांची लाल भुकटी असे. थंडीत काम धरलं की पहिली वीट ठेवण्याआधी तो भर दुपारी जमिनीत एक काठी रोवायचा आणि तिची सावली मोजायचा. पौषात दुपारची सावली भिंतीच्या उंचीएवढीच पडते, हे त्याला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या पौषात मात्र त्याची काठी रोवायची राहिली. केशवरावांच्या घरी माघात लेकीचं लग्न होतं. त्यांची संत्र्याची वाडी मोठी, अंगण मोठं, आणि त्या अंगणात शेजारच्या जयवंताबाईच्या घरून सरळ नजर पोचायची. म्हणून मधल्या हद्दीवर आठ फूट भिंत हवी होती. काम सुरू झालं तेव्हा आभाळ भरलेलं होतं. तीन दिवस ते तसंच राहिलं. सावलीच नव्हती, तर मोजणार काय? भिंत पाच फुटांवर आली.

चौथ्या दिवशी ऊन पडलं.

ते ऊन काय होतं, ते त्या गल्लीतल्या बायकांनाच विचारावं. जयवंताबाईच्या चिंचोळ्या अंगणात एकेक जण येऊन टेकली. कोणी हरभऱ्याच्या कोवळ्या पानांचा घोळाणा आणला, कोणी संत्री आणि मिठाची पुडी. ओले केस पाठीवर मोकळे सुटले. मधोमध बाज टाकली होती. तिच्यावर जयवंताबाईची लेक प्रेमलता आणि तिची दीड महिन्याची पोर. सातव्यातच झालेली, मूठभर जीव, तेलानं माखलेला. डॉक्टरांनी औषध थोडं आणि ऊन पुष्कळ सांगितलं होतं. तीन दिवसांत ती पोर पहिल्यांदाच पाय झाडत होती.

मोतीराम भिंतीवरून हे पाहत उभा राहिला. मग थापी खाली ठेवून, गल्लीतून वळसा घालून तो अंगणात आला आणि भिंतीपासून पावलं मोजत, आठ फूट भिंत झाल्यावर सावली जिथवर पोचेल तिथं, त्यानं मातीवर चुन्यानं एक रेघ ओढली. रेघ बाजेच्याही पलीकडे, पायरीच्या हातभर अलीकडे पडली. प्रेमलतेनं पोरीला उचलून छातीशी घेतलं.

केशवरावांना थापीचा आवाज बंद झालेला कळला असावा. पलीकडून त्यांनी हाक मारली.

"मोतीराम, भिंत बांधून राहिला का ऊन मोजून राहिला?"

"चूक झाली मालक. हे पहिल्या दिवशी मोजाले पाहिजे होतं," मोतीराम म्हणाला. "एकदा इकडून येऊन पाहा जी."

केशवराव आले ते चिडूनच. दुसरा गवंडी आणतो, पांढुर्ण्याहून आणतो, असं बरंच बोलत आले. पण अंगणात पाय टाकल्यावर आवाज खाली आला. या अंगणात ते किती वर्षांनी येत होते, ते त्यांनाच आठवलं नसावं. जयवंताबाईनं बाजेच्या कडेला जागा केली आणि एक संत्रं सोलून हातावर ठेवलं.

त्यांनी फोड तोंडात टाकली. "हे तं आपल्याच वाडीचं दिसते."

"तुमचंच हाये, केशवभाऊ. पाखरानं आणलं," जयवंताबाई म्हणाली, आणि बायका पदराआड हसल्या.

लोक भिंतीवरून लग्नात डोकावतील, अशी त्यांनी कुरकूर केली. "लग्नाले लोक पाहाले नाही तं कायले येते?" जयवंताबाई म्हणाली. चुन्याच्या रेघेकडे ते पाहत राहिले. ऊन पाठीवर होतं. पोरीनं त्यांचं बोट धरलं होतं, ते त्यांनी सोडवून घेतलं नाही. थोड्या वेळानं, "बरं, पाहू," असं काहीसं पुटपुटले, पायरीला पाठ टेकून बसले आणि झोपी गेले. सहा महिने लग्नाच्या धावपळीत असलेला माणूस असा उन्हात झोपतो, तेव्हा त्याला कोणी उठवत नाही.

मोतीरामनं सिमेंट-वाळूचा मसाला कालवला. पाच फुटांच्याच भिंतीच्या माथ्यावर दोन्हीकडे उतार देऊन टोपी चढवली. टोपी म्हणजे भिंतीचा शेवट. तिच्यावर वीट बसत नाही. इतकं मऊ, इतकं एकसारखं काम त्यानं आयुष्यात कधी केलं असेल का, सांगता येत नाही.

केशवराव जागे झाले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ओल्या टोपीवर त्यांची नजर गेली. मोतीराम हातातली थापी खाली न ठेवता उभा होता.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली," जयवंताबाई म्हणाली.

केशवरावांनी मान डोलावली आणि उरलेल्या संत्र्याची फोड तोंडात टाकली.

मोतीरामनं पेल्यातल्या पाण्यानं थापी धुतली, सूत गुंडाळलं. चुन्याच्या रेघेवर पाय न देता, बाजेला वळसा घालून तो फाटकाबाहेर पडला.