कॅटफिशचा श्रावण

आमच्या केशवापुरात नळाला पाणी येतं तेव्हा येतं, आणि ह्या माणसाला घरात सहा फुटी काचेची टाकी हवी होती. हा माणूस म्हणजे माझा नवरा. मासे पाळणं म्हणजे विकतचं दुखणं, असं मी तेव्हाच सांगितलं होतं. पण माझं ऐकतंय कोण? आधी दोन ऑस्कर मासे आले, काळ्या अंगावर शेंदरी डाग असलेले. मग लाल शेपटीचा कॅटफिश आला. दुकानदार मला म्हणाला, ‘‘सण्णदु ऐतिरी अक्का, एनू माडंगिल्ला.’’ लहान आहे, काही करायचा नाही. होताच लहान, बोटाएवढा, मिशा हलवत कोपऱ्यात बसायचा. वर्षभरात हातभर झाला, आणि तोंड असं की आमटीची वाटी सहज आत जावी. जे तोंडात मावेल ते खायचं आणि जे मावणार नाही त्याच्याशी शेजारधर्म पाळायचा, एवढंच त्याला कळायचं. ऑस्करही मोठे झाले होते, म्हणून निभावत होतं.

त्याच वर्षी माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, अर्धांगाचा झटका आला. कमरीपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान. पाय सावरले, बोलणं सावरलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. ‘‘मी काय कुकुलं बाळ आहे?’’ म्हणून मामंजींनी तो कपाटामागं टाकला. हात वापरला नाही तर कायमचा जाईल, असं डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन सांगत होते, आणि हे डाव्या हातानं जेवून मोकळे होत होते. हट्टीपणात बापलेक एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे.

एकदा नवरा घरी नव्हता आणि कॅटफिश भुकेनं काचेवर धडका मारत होता. मी स्वयंपाकघरात. मामंजी उठले, चिमट्यात कोळंबी धरली. डाव्या हातात काठी होती, तेव्हा चिमटा उजव्या हातातच घ्यावा लागला. माशानं असा काही हिसका दिला की चिमटा सुटून टाकीत पडला. मला वाटलं आता चिडणार. तर हे हसत होते, आजारानंतर पहिल्यांदा. ‘‘पोरी, साहेबांच्या अंगात जोर आहे की गं.’’ तेव्हापासून साहेबांना भरवणं त्यांच्याकडे आलं. साहेब ओढायचे, हे धरून ठेवायचे. हळूहळू त्या हातात पेला धरण्याइतकं बळ आलं. मी माशांवर राग धरणारी बाई, पण त्या राक्षसासाठी कोळंबी मीच सोलून द्यायला लागले.

मग श्रावण लागला. आमच्याकडे एरवी सगळं चालतं, श्रावणात मात्र अंड्याचं नावही काढायचं नाही. मामंजींनी तो उभ्या जन्मात मोडलेला नाही. फ्रीजमधली कोळंबी त्यांनी शेजारच्या घरी पोचवायला लावली. मी म्हटलं, ‘‘मामंजी, आधी पोटोबा मग विठोबा. तो मासा आहे.’’

‘‘ह्या घरात राहतोय ना? मग ह्या घरासारखं राहील.’’

नवरा म्हणाला, मोठा मासा आहे, काही दिवस उपाशी राहिला म्हणून मरत नाही. ते खरंच होतं. तो मेला नाही. मामंजी त्याला चपातीचे गोळे देत होते आणि तो तोंड फिरवत होता. उकडलेले वाटाणे ऑस्करांनी मिटक्या मारत खाल्ले.

एका सोमवारी सकाळी बघते तर टाकीत एकच ऑस्कर. तो फिल्टरच्या नळीमागं अंग चोरून उभा होता. साहेब तळाशी पोट फुगवून पडले होते. नवऱ्यानं त्याच दिवशी काचवाल्याकडून टाकीत मधे काच बसवून घेतली, आणि दुकानदाराला फोन केला, रविवारी येऊन हा घेऊन जा म्हणून.

मामंजी खुर्ची दाराकडं फिरवून बसले. ‘‘त्याचा जीव माझ्यापायी गेला,’’ एवढंच मला म्हणाले. हात परत मांडीवर. दुसऱ्या दिवशी पेला डाव्या हातात दिसला. हा मासा घरातून जावा म्हणून मीच दोन वर्षं भांडत होते. आता रविवार जवळ यायला लागला तशी मला झोप लागेना, कारण माशाबरोबर काय जाणार ते मला दिसत होतं. पण श्रावण मोडा, असं मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

शनिवारी पूजा आटोपून ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

‘‘पोरी, कोळंबी आण.’’

‘‘मामंजी, श्रावण आहे.’’

‘‘माझा आहे. त्याचा कशाला? देवाला काय ते मी सांगतो. आणि त्या दुकानवाल्याला येऊ नको म्हणून कळव.’’

मी पायात चप्पल न अडकवताच निघाले होते, फाटकातून परत आले. कोळंबी आणून सोलली, ह्या घरात श्रावणात पहिल्यांदाच. मामंजी काठी टेकत टाकीपाशी उभे राहिले. पाच-सहा दिवस बसून राहिलेला हात, चिमट्यातून कोळंबी निसटून खाली पडली. दुसरी पडली. मी पुढं झाले तर म्हणाले, ‘‘तू लांब उभी राहा.’’

तिसरी पाण्यापर्यंत पोचली. साहेब तळातून सरळ वर आले आणि नेहमीसारखा हिसका दिला. मामंजींचा खांदा हलला, कोपर काचेवर आपटलं, पण चिमटा हातातच राहिला. मी पदर डोळ्याला लावून सरळ रडले. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

‘‘आंघोळीला पाणी ठेव,’’ म्हणाले, ‘‘परत देवाला बसायचंय. आणि आणखी एक दे, ह्याचं पोट भरलेलं नाही.’’