सुमतीबाईंची सही

सुमतीबाई गेल्याचं मला कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कळलं; त्यांच्याच अर्थशास्त्र विभागात मी आता शिकवते. मोठ्या अक्षरांत शोकसभेची वेळ, खाली बारीक अक्षरांत बाईंचं नाव. चीड तिथूनच सुरू झाली. सभेत जो तो त्यांच्या मायाळूपणावर बोलला, त्यांच्या हातच्या बेसनाच्या लाडवांवर बोलला. ज्या बाईने पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांतल्या मुली अर्थशास्त्रात आणल्या, त्यांना प्राध्यापक केलं, तिच्या वाट्याला शेवटी लाडू आले. आणि अध्यक्षस्थानी कोण, तर आमचे विभागप्रमुख. अर्थशास्त्रात मुलींना पुढे आणल्याबद्दल विद्यापीठाने मागच्या वर्षी शाल घातली ती त्यांना.

आमचं घर चिखलीचं, वडील पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. बी.ए.नंतर माझं शिक्षण थांबणार असं कळलं, तशा बाई बस पकडून थेट घरी आल्या. वडील म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाय, ते मला बी ठावं हाय. पन अर्थशास्त्र शिकून ती करनार काय?" "मी करते तेच," बाई म्हणाल्या, आणि चहा संपवून उठल्या. वडील तयार झाले. पुढे पहिली शिफ्ट सुटली की बाई आम्हा तिघींना चाळींत पाठवायच्या... कंपनीतून आलेली कामगार स्त्री घरी आणखी किती तास राबते, ते विचारून तक्ते करायला. विभागप्रमुख हसून म्हणायचे, "हे अर्थशास्त्र नव्हे, गृहशास्त्र आहे." त्याच तक्त्यांवर प्रबंध लिहून आम्ही तिघी एम.ए. झालो.

बाईंच्या एका पद्धतीचा मात्र मला फार राग यायचा. मुलींची शिफारसपत्रं त्या स्वतः लिहायच्या, दोन-दोन दिवस खपून, आणि खाली सही घ्यायच्या विभागप्रमुखांची. पुरुषाची, त्यातून प्रमुखाची सही असली की मुलाखतीला बोलावणं येतं, असं त्यांचं म्हणणं. बोलावणी यायचीही. मग मागच्या वर्षी त्या सत्कारासाठी विद्यापीठाच्या समितीने कागद मागवले, तर प्रत्येक पत्राखाली प्रमुखांचंच नाव. मी तणतणत बाईंकडे गेले. "समितीला सांगा ना, पत्रं तुमची आहेत म्हणून."

"आणि मग त्या पोरींच्या नोकऱ्यांवर शंका घेतली म्हणजे?" बाई म्हणाल्या.

प्रमुखांनी शाल घेतली, लांबलचक भाषण केलं, त्यात बाईंचं नावसुद्धा नव्हतं.

सभेनंतर मी बाईंच्या घरी गेले. त्यांचे यजमान, अप्पा, कपाट आवरत होते. "हे तुझं दिसतंय," म्हणत त्यांनी एक पिवळा पडलेला कागद माझ्या हातात दिला. माझ्या पहिल्या नोकरीसाठीचं शिफारसपत्र. खाली ठसठशीत सही, बाईंची स्वतःची.

तेव्हा आठवलं... हे पत्र घेऊन मीच स्टाफरूममध्ये परत गेले होते. अवघडून म्हणाले होते, "बाई, यावर सरांची सही मिळेल का?" बाईंनी कागद परत घेतला होता. मग कागदाची नीट घडी घालत म्हणाल्या, "मिळेल की. उद्या ये."

त्यांच्याकडे पत्र मागायला गेलेली पहिली मुलगी मीच होते. त्यानंतर त्यांनी कुठल्याच पत्राखाली स्वतःचं नाव घातलं नाही.