द्वारकेचे पायवाले मामा

पायवाले मामा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याची चप्पल उलटी करून तळ बघायचे. ती कुठल्या बाजूनं झिजलीय, यावरून त्यांना चालण्यातली खोड कळायची. द्वारका चौकाजवळच्या गल्लीत त्यांचं वर्कशॉप होतं. तिथे ते कृत्रिम पाय बनवत आणि पोलिओ झालेल्या पायांना आधार देणारे लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपरही. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं लुळा पडला होता. नव्वदच्या दशकात वडील मला सिन्नरहून एसटीनं त्यांच्याकडे घेऊन यायचे.

टेप हातात घेण्याआधी मामांनी विचारलं, "दिवसभर काय काय करतेस?"

मी म्हणाले, "शाळेत जाते."

"ते सगळेच जातात. जेवायला कुठं बसतेस? घरात पायऱ्या आहेत? पाणी भरतेस?"

"हिला आम्ही पाण्याला हात लावू देत नाही," वडील कौतुकानं म्हणाले.

"मग आता लावू द्या," मामा म्हणाले, आणि मापं घ्यायला खाली बसले. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा नळावरून कळशी आणली.

डी.एड.ला साडी सक्तीची होती. कॅलिपरच्या गुडघ्याला खटका असतो, त्यात साडी अडकून फाटायची. एकदा वर्गासमोरच टरकन फाटली, तेव्हा मी शिक्षण सोडायचं ठरवलं. कॅलिपरचा पट्टा बदलायला गेले होते, तेव्हा बोलता बोलता मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "उद्या साडी नेसून ये. नुसत्या पायाचं माप घेतलं, तिथं चुकलो मी." दुसऱ्या दिवशी त्यांनी खटक्यावर मऊ चामड्याचं झाकण शिवलं. मामींना निऱ्यांवर लक्ष ठेवायला बसवून मला कितीतरी वेळा उठबस करायला लावली. शेवटी मामीच म्हणाल्या, "पुरे आता, पोरीला चहा तरी पिऊ द्या." मी डी.एड. पुरं केलं आणि सिन्नरजवळच्या शाळेत शिकवू लागले.

एकदा मी तिथे असताना कळवणकडची एक शेतकरीण आली. गुडघ्याखालचा कृत्रिम पाय तिनं पिशवीतून आणला होता. घरी तो खुंटीलाच असायचा. मामांचा चेहरा उतरला.

"बोचतो का?"

"चालाया लय चांगला हाय, मामा. पण खाली बसता येत नाय. कांदे काय उभ्यानं लावू?"

मामा तिच्याबरोबर कळवणला गेले. बांधावर बसून त्यांनी बायकांची लागवड पाहिली. गुडघा पूर्ण दुमडला की कृत्रिम पायाची वरची मागची कड मांडीत रुतते, हे लक्षात आल्यावर ती त्यांनी खाली उतरवून गोल केली. पुढच्या खेपेला ती बाई खुर्ची सोडून फरशीवर उकिडवी बसली आणि तशीच बशीतून चहा प्यायली. तिच्याकडेच बघत राहिलेल्या मामांच्या कपातल्या चहावर मात्र साय धरली.

पुढे प्लॅस्टिकचे हलके कॅलिपर आले. मामांची नजर तोवर अधू झाली होती. "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, पण तुला ते हवं," म्हणत त्यांनीच मला एका तरुण कारागिराकडे पाठवलं. नवा कॅलिपर घालून मी दाखवायला गेले. मामा ओट्यावर बसले होते. मी अगदी जवळ गेल्यावर ते दचकले.

"लोखंडाचा आवाज करत यायचीस, गल्लीच्या तोंडाशीच ओळखायचो. आता तू आलेली कळायची नाहीस गं."

त्यांनी कॅलिपर चाचपून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला आणि समाधानानं मान डोलावली.

त्यानंतर मामा होते तोवर, गल्लीत शिरलं की मी मोठ्यानं हाक मारायचे, "मामा, मी आलेय."