सबनीसांचं विरजण

माझ्या पोटात नालायक जंतू राहतात. हे मी म्हणत नाही, टीव्हीवरच्या शास्त्रज्ञाने सांगितलं. जाड माणसाच्या आतड्यातले जंतू अन्नाचा कण न् कण पिळून चरबी साठवायला मदत करतात, बारीक माणसाचे म्हणे बरंच सोडून देतात! म्हणजे चाळीस वर्षं मी या फुकट्यांपायी बोलणी खाल्ली!

आम्ही तेव्हा इंग्लंडात, ब्रॅकनेलला होतो. डॉक्टरकडच्या नर्सने बजावलं होतं, तीन महिन्यांत एक स्टोन, म्हणजे सव्वासहा किलो, उतरव (तिकडे माणसं दगडांत मोजतात!), नाहीतर डायबेटिसच्या गोळ्या सुरू. आणि माझ्याच ऑफिसातला सबनीस? पुरणपोळीवर तुपाची धार, मग भजी, तरी काडी पैलवान! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

टीव्ही बंद केला आणि डोक्यात प्रकाश पडला. जंतू पोटात जातात कशातून? दह्यातून!

"अगं, सबनीसांकडून विरजण आणतो."

"आपल्या दह्याला काय धाड भरलीय?" बायको म्हणाली.

"ते जाड लोकांचं दही आहे!"

(पुढचे दोन दिवस कुकर मी लावला.)

विरजण आलं. औषध म्हटल्यावर हात आखडून कसं चालेल? सकाळी वाटीभर, डब्यात दहीभात, रात्री साखर घालून. दही पातळ लागायला लागलं म्हणून निळ्या झाकणाचं, भरपूर सायीचं दूध आणलं. रविवारी चक्का टांगला. जंतूंना राहायला जागा नको?

तीन महिन्यांनी काट्यावर चढलो. उतरायचं सोडाच, अर्धा स्टोन वर! नर्सने मान हलवली. गोळ्यांचं पाकीट घेऊन मी तडक सबनीसच्या दारात.

"काय रे, कसलं विरजण दिलंस मला?"

आतून त्याची बायको आली.

"अहो भाऊजी, ते तुमचंच! इस्टरला आम्ही पुण्याला गेलो, तेव्हा आमचं दही नासलं. वहिनींकडूनच नेलं की मी विरजण!"

म्हणजे माझेच जंतू खाऊन हा काडीचा काडीच! आणि माझे मात्र माझ्याच घरी जोमाने परत! मी संतापाने लाल झालो.

"बसा ना, आज श्रीखंड केलंय. वाढू?"

"अजिबात नको!" मी ओरडलो. "थोडंच वाढा."

त्या रागातच तीन वाट्या संपवल्या आणि पहिली गोळी त्यांच्याच पाण्याने घेतली.