फुलवंताबाईची मागणी

घर बांधताना यामिनीचे वडील आणि गवंडी भांडले, ते तिने लहानपणी ओट्यावर बसून ऐकलं होतं.

"मी सांगेल व्हतं, दार पूर्वले ठेव!"

"कोणले सांगेल व्हतं, आप्पा? माले तर नही!"

दार आजही उत्तरेलाच आहे.

मोठेपणी यामिनीला नोकरीही कोण काय बोललं ते धरून ठेवायचीच लागली. शेतकऱ्यांना ऊसतोडीची तारीख कळवणारं सॉफ्टवेअर पुण्यात तयार होत होतं. शहाद्याकडच्या शेतकऱ्यांची एकेक मागणी ती संगणकावर एकेका कार्डात लिहायची: कोणी मागितलं, कशासाठी, काम कुठवर आलं. आणि मागणाऱ्याने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्ड बंद करायची नाही. ऑफिसातली पोरं हसायची, "ताई, काम दाखवायला जातेस का चहा प्यायला?"

शेवटच्या बैठकीत साहेब म्हणाले, "तोडीची तारीख बोलून सांगणारा फोन काढून टाका. मेसेज जातोच. हे मागितलं कोणी?"

यामिनीने कार्ड उघडलं.

"फुलवंताबाईंनी, साहेब. त्यांना वाचता येत नाही. मागच्या साली कारखान्याचा मेसेज तसाच पडून राहिला, अन् तोडणारी टोळी आली तेव्हा शेतावर कोणी नव्हतं. टोळी परत गेली, ऊस वाळला. असे अजून एकतीस जण खाली लिहिलेत."

साहेबांनी एकतीस नावं वाचली. "राहू द्या," म्हणाले.

एवढ्याशा पोरीने पुण्याच्या साहेबाला थांबवलं, पण मिरवायला तिला वेळ कुठला! शनिवारी ती फुलवंताबाईच्या बांधावर हजर. फोन वाजला, अहिराणीत तारीख बोलला.

"जमनं का, मावशी?"

"जमनं वं माय!"

यामिनीने तिथेच कार्ड बंद केलं.