सोळा गावांत बोलला जाणारा शब्द

धुळ्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क आहे. तिथे कोणाची कॉम्प्युटरवरची फाईल अडली की मला हाक मारतात. तक्त्याच्या रेषा जुळत नसतात, आकडे खाली घसरलेले असतात, अर्धं पान कोरं गेलेलं असतं. मी जातो, चष्मा कपाळावर सरकवतो, दोन बटणं दाबतो आणि समोरचा प्राध्यापक माझ्यासाठी चहा सांगतो. अशा चहांची मला सवय लागली होती, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त हेडमास्तर राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. खानदेशी बोलीतले जुने शब्द गोळा करून त्यांचं एक पुस्तक काढायचं त्यांच्या मनात आलं. लोकांना ‘शे’ म्हणजे आहे आणि ‘बठ्ठा’ म्हणजे सगळा, एवढंच ठाऊक असतं, त्यापुढचं आपल्या पिढीबरोबर जाईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दहा-बारा माणसं जमवली. त्यांत दोन शिक्षिका होत्या, एक एसटीचा कंडक्टर होता, सोनगीरचा एक शिंपीकाम करणारा चाचा होता. कोणी एक गाव घेतलं, कोणी दोन. सगळ्यांनी एकाच सामायिक फाईलमध्ये लिहायचं ठरलं.

महिन्याभरात त्या फाईलचा पार आठवडी बाजार झाला. कोणी शब्द परिच्छेदात लिहिले, कोणी वहीच्या पानाचे फोटो चिकटवले, कंडक्टरसाहेबांनी तर सगळं इंग्रजी अक्षरांत टाकलं. नानांनी मला घरी बोलावलं आणि यातून काही मार्ग निघेल का, असं विचारलं. चहा आधीच ठेवलेला होता.

मी नुकतीच एक युक्ती शिकलो होतो. एकदा नीट आखलेला तक्ता नाव देऊन साठवून ठेवता येतो. मग फाईलमध्ये कोणीही ते नाव शोधून बोट टेकवलं की रंग, रकाने, रेषांसकट अख्खा तक्ता तिथे हजर होतो. मी पाच रकाने आखले: शब्द, अर्थ, वाक्य, गाव आणि शेवटी ‘तपासला’ की ‘बाकी’ हे निवडायची सोय. वरच्या पट्टीला गडद निळा रंग दिला. तो निळा ठरवायला मला एक संध्याकाळ लागली.

तक्ता भरल्यावर कसा दिसतो ते बघायला मी पहिल्या ओळीत माझ्या गावाकडचा एक शब्द लिहिला. माझं गाव पहूर, जामनेर तालुक्यातलं. आमची बोली धुळ्यापेक्षा वेगळी, त्यामुळे इथे माझ्या बोलण्याची थोडी चेष्टा होते. म्हणून मुद्दाम आमच्या घरातला शब्द घेतला: उंटबरा. अर्थ, उंबरठा. वाक्य, ‘उंटबऱ्यावर बसू नये.’ गावाचा रकाना रिकामा ठेवला, माझं गाव मला माहीत होतं. शेवटच्या रकान्यात ‘तपासला’ निवडलं. माझ्याच घरातला शब्द आणखी कोणाकडून तपासून घ्यायचा होता? मग तक्ता साठवला आणि सगळ्यांना फोन करून सांगितलं, की आता गोंधळ बंद, हा तक्ता घ्या, आणि एकही रकाना रिकामा सोडू नका.

साठवताना फक्त चौकट साठवली जाते आणि मजकूर मागे राहतो, अशी माझी पक्की समजूत होती. ती तपासून पाहण्याची गरज मला वाटली नाही.

चार महिन्यांत फाईल सुरेख भरली. मी सगळे तक्ते एकत्र करून शब्द अनुक्रमाने लावले, तेव्हा थक्क झालो. उंटबरा सोनगीरला होता. शिरपूरकडच्या दोन गावांत होता. साक्रीकडे होता, पारोळ्याच्या बाजूला होता. एकूण सोळा गावांत होता आणि सगळीकडे ‘तपासला’ असा शिक्का होता. दुसरा कुठलाही शब्द सहा गावांपलीकडे गेला नव्हता. वाक्यसुद्धा सगळीकडे एकच निघालं. माणसाला शंका यायला एवढं पुरे. मला मात्र ती म्हण असावी असं वाटलं.

मी नानांना सांगितलं, ते म्हणाले, बघू. मला बघायचं नव्हतं, लिहायचं होतं. पंधरा दिवस खपून मी त्या शब्दावर एक लेख लिहिला. राजस्थानातून व्यापारी कुटुंबं खानदेशात आली, त्यांच्याबरोबर उंट आले, उंट दाराशी येऊन थांबायचा, त्याची सीमा म्हणजे ‘उंट बरा’, असा माझा सिद्धान्त. ‘बरा’चं नक्की काय करायचं ते सुटत नव्हतं, तेव्हा तिथे मी ‘अभ्यासकांनी विचार करावा’ असं लिहिलं.

जळगावला एका वाचनालयात नानांनी आमच्या कामाची ओळख करून द्यायचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा मी तो लेख वाचायचा हट्ट धरला. पहूरहून माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, बोलावून घेतलं. धाकटा भाऊ संशोधक झालेला तिने पाहावा अशी माझी इच्छा होती. ती पहिल्या रांगेत बसली.

मी पाऊण तास बोललो. उंटांवर आलो तेव्हा अक्का पदर तोंडाला लावून खाली बघत होती. तिला भरून आलं असं मी समजलो आणि आवाज आणखी चढवला. शेवटी कापड दुकानाचे एक वयस्कर मालक उठले. त्यांचं मूळ घराणं राजस्थानचं. ते अतिशय नम्रपणे म्हणाले, “भाऊ, तुमचा लेख छान आहे. पण आमचे पणजोबा रेल्वेने आले होते.”

लोक हसले. मीही हसलो आणि प्रत्येक सिद्धान्ताला अपवाद असतो, असं काहीतरी बोललो.

कार्यक्रमानंतर बाहेर चहा चालला होता. अक्का मला बाजूला घेऊन गेली. आधी तब्येत विचारली, मुलांचं विचारलं. मग म्हणाली, “अरे, उंटबरा कोनी म्हनत नाही. तुले लहानपनी उंबरठा म्हनता येत नव्हतं.”

मी म्हटलं, आपल्या घरात सगळेच म्हणायचे. ती म्हणाली, “तू म्हने म्हनून आम्ही म्हनायचो. बापूले लई गोड वाटायचं.”

बापू म्हणजे आमचे वडील. त्यांना हा शब्द वापरताना मी अगदी शेवटपर्यंत ऐकलं होतं. दारातून आत येताना ते हटकून म्हणायचे, उंटबरा जपून. कॉलेजात आल्यावर बाहेरचे लोक उंबरठा म्हणतात हे मला कळलं, तेव्हा आमचा तो गावाकडचा अस्सल शब्द, असा मी अर्थ लावला. पंचवीस वर्षं बायकोला सुधारत आलो होतो. आणि मी शाळेत गेलो, नोकरीला लागलो, तरी बापूंनी मला कधी सुधारलं नाही. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. तिथे पेला हातात धरून उभा असताना मला त्यांची फार आठवण आली आणि त्याच वेळी जमिनीने पोटात घ्यावं असंही वाटत होतं.

पण मग सोळा गावांचं काय? ते कोडं धुळ्याला परतताना एसटीतच सुटलं. मी सोनगीरच्या चाचाला फोन लावला आणि तो शब्द त्यांना कोणी सांगितला असं विचारलं. ते म्हणाले, “कोनी नही भाऊ. तक्ता मा लिखेल व्हता. गावनी जागा रिकामी व्हती, मी सोनगीर लिखी दिनं. तुम्हीच सांगेल व्हतं, बठ्ठा रकाना भराना.”

माझी ओळ तक्त्याबरोबर सगळीकडे गेली होती. बाकीच्यांनी ती नमुना म्हणून ठेवली आणि मी सांगितल्याप्रमाणे त्यात आपापल्या गावाचं नाव भरलं. साहेबांनी लिहिलेलं पुसायचं कसं, असंही एका शिक्षिकेला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी नानांकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं रागावले. मग पाहिलं तर त्यांचे खांदे हलत होते.

मूळ तक्ता दुरुस्त केला की फाईलमधले सगळे आपोआप सुधारतील, अशी मला आशा होती. तसं होत नाही. एकदा घातलेला तक्ता स्वतंत्र होतो. सोळा ठिकाणी जाऊन मला ती ओळ हाताने काढावी लागली. पण नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘तपासला’ हे एका शब्दाबाबत खोटं निघालं म्हणजे सगळ्यांबाबत शंका आली, असं ते म्हणाले. प्रत्येक गावची यादी तिथल्या दोन म्हाताऱ्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवायची, आणि हे काम मी करायचं.

म्हणून पुढचे सहा महिने मी रविवारी छापील यादी घेऊन हिंडलो. सोनगीरला चाचा मला किल्ल्याच्या पायथ्याच्या आळीत एका आजीकडे घेऊन गेले. मी शब्द वाचायचो, ती मान हलवायची किंवा माझा उच्चार दुरुस्त करायची. तिने तीन शब्द साफ खोडले आणि त्यांच्या जागी वीसेक नवे सांगितले. मोबाईलला रेंज नव्हती, तक्ता उघडेना, तेव्हा चाचाकडची मापं लिहायची पेन्सिल आणि दुकानाचं बिलबुक घेऊन मी ते नवे शब्द लिहून काढले. दुपारी तिने आम्हाला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी वाढली. जेवताना तिने विचारलं, हे सगळं लिहून तुला सरकार काही देतं का? मी नाही म्हणालो. मग तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि आणखी एक भाकरी ताटात टाकली.